एकशे एकाहत्तरचा रस्ता

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं आणि तेवढ्या उजेडात ती सहाव्या सायकलच्या हँडलवर वाकून मीटर वाचत होती. १७०.९. कानामागची पेन्सिल काढून तिने आकडा वहीत लिहिला. मग पहिल्या सायकलपाशी परत जाऊन सगळी मीटरं पुन्हा एकदा वाचली. १७१. १७१.२. १७०.८. सहाही सायकली आपसात ठरवून आल्यासारख्या एकच गोष्ट सांगत होत्या, आणि ती गोष्ट शक्य नव्हती.

दुकान गावाच्या शेवटच्या टोकाला होतं. त्याच्यापुढे पेट्रोल पंप, पंपापुढे वाळवंट, आणि वाळवंटात कुणी नखाने ओरबाडल्यासारख्या लांबच लांब घळी. पाच-सहा जणांचा गट इथून सायकली, तंबू, झोपायच्या पिशव्या भाड्याने घेई आणि वाटाड्याबरोबर चार दिवस त्या घळींमधून फिरून येई. सायकली गेल्या की ती त्यांची वाट बघे. माणसं परत आली की थकलेल्या तोंडाने सगळं छान झालं म्हणत. सायकली जास्त बोलत. ब्रेकचं रबर किती झिजलं, साखळीत कुठली वाळू अडकली, कुठली तार ढिली झाली, यावरून कोण कुठल्या उतारावर घाबरलं हे तिला कळायचं.

ही फेरी एकशे शहाऐंशी किलोमीटरची. गेल्या हंगामात प्रत्येक सायकलने तेवढंच सांगितलं होतं, फार तर अर्धा किलोमीटर इकडेतिकडे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका ठिकाणी रस्ता फुटतो. एक फाटा पठारावर चढतो आणि सोळा किलोमीटर उघड्या उन्हातून जातो. दुसरा खाली उतरून एका अरुंद घळीत शिरतो; दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील इतकी अरुंद. तिला सगळे नरडं म्हणतात. नरड्यातून गेलं की सावली मिळते आणि आठच किलोमीटरांत माणूस पलीकडच्या हातपंपापाशी निघतो. पण दोन वर्षांपूर्वी तिथे पाणी आलं होतं. आभाळ निरभ्र होतं, पाऊस लांब कुठेतरी डोंगरात पडला होता, आणि दोन सायकलवाले भिंतींमध्ये सापडले. तेव्हापासून नरड्याच्या तोंडाला साखळी आहे. जो वाटाड्या गट आत नेईल त्याचा बिल्ला जातो.

या हंगामाच्या पहिल्या फेरीचा आकडा आला १७८.५. दुसरीचा १७८.६. शहाऐंशीतून आठ गेले की किती उरतात, हे सांगायला तिला कागद लागला नाही. दोन्ही फेऱ्यांचा वाटाड्या तिचा जावई होता.

तिने कुणाला काही विचारलं नाही. वहीत आकडे लिहिले आणि वही मिटली.

आज तिसऱ्या फेरीचा आकडा समोर होता, एकशे एकाहत्तर. नरड्यातून गेलं तरी एकशे अठ्ठ्याहत्तर होतात. त्याहून जवळचा रस्ता या पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. आणि उद्या सकाळी सहाला चौथा गट निघणार होता. त्यात वाटाड्याचा जोडीदार म्हणून पहिल्यांदाच तिची मुलगी जाणार होती.

दुकानात तिला 'भिंग' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. शिलाई मशीनच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर तिने सतरा वर्षं काढली होती. तयार मशीन तिच्यासमोर यायचं, ती हातरुमालाएवढ्या कापडावर एक शिवण घालायची, दोन्ही बाजूंनी ओढायची, आणि शिवण टिकली तरच शिक्का मारायची. कारखाना बंद पडला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. पंक्चर काढायला म्हणून इथे आली. अकरा वर्षांत सगळं दुकान तिच्या हाताखाली आलं. कारखाना सुटला, ओढून बघायची खोड सुटली नाही. घराचं कुलूप ती तीनदा ओढायची आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा ओढायला परत यायची. नवरा पोस्टाच्या खिडकीवरून निवृत्त झालेला, मिस्किल माणूस. तो म्हणायचा, ही आरशात बघते तेव्हासुद्धा समोरच्या बाईकडे ओळखपत्र मागते.

जावई पहिल्यांदा घरी आला तो सायकलवरून. तो आत नवऱ्याशी गप्पा मारत असताना ती बाहेर गेली आणि त्याची साखळी बोटांत धरून वाकवून बघितली. वरच्या पट्ट्या लख्ख, आतले रोलर काळ्या चिकट घाणीने भरलेले. तो गेल्यावर ती मुलीला एवढंच म्हणाली, हा बाहेरून पुसणारा माणूस आहे. मुलगी म्हणाली, "आई, मी साखळीशी लग्न करत नाहीये."

त्या लग्नाला चार वर्षं झाली होती. जावयाला ती अजून अहो-जाहो करायची. रीत म्हणून करायची हे खरं, पण गरम भांडं चिमट्यात धरावं तसं ते 'अहो' तिच्या तोंडात असायचं.

तर एकशे एकाहत्तर. तिने शटर पूर्ण वर ढकललं, पहिली सायकल उलटी केली आणि पेडल सोडवलं. आत, दांडीच्या गळ्याशी, करडी माती बसली होती. तिने ती नखाने खरवडून चिमटीत चोळली. पिठासारखी मऊ. पठारावर सगळीकडे लाल, खरखरीत वाळू असते. ही करडी माती फक्त नरड्याच्या तळाला. दुसऱ्या सायकलवर तीच, तिसरीवरही.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतरही तिने पेडलं सोडवून पाहिली होती. तेव्हा आत फक्त लाल वाळू निघाली होती. आकडा एक सांगतोय आणि माती दुसरंच, हे तिला तेव्हाही खटकलं होतं. पण तिने त्याचं उत्तर लगेच शोधून काढलं: पुसली असणार. पुसण्यात जावयाचा हात कोण धरणार.

आता ती स्टुलावर बसली आणि तिला स्वतःचंच ते उत्तर आवडेना. सहा सायकलींची बारा पेडलं सोडवून, आतून पुसून, वर लाल वाळू भरून परत बसवायची, हे काम करायला तिलाच अर्धा दिवस लागला असता. ज्याने चार वर्षांत स्वतःची साखळी आतून पुसली नाही तो हे करेल? मग पहिल्या दोन फेऱ्यांना माती लाल का? आणि तिसऱ्या फेरीचा आकडा नरड्याच्याही खाली का?

सायकली खोटं बोलत नाहीत यावर तिचा विश्वास होता. मीटर बोलतं का, हे मात्र तिने कधी ओढून बघितलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला मुलगी सामान बांधायला आली. तंबूच्या खुंट्या मोजायला बसणार तोच आईने तिला एका सायकलवर बसायला सांगितलं.

"कशाला?"

"बस तर. वजन पाहिजे."

"सकाळी सकाळी माझं वजन काढते आहेस?" मुलगी बसली. "आज कोणावर खटला आहे?"

तिने चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली येईल अशी सायकल उभी केली, फरशीवर खडूने रेघ मारली, आणि मुलीसकट सायकल पुढे ढकलली. एक फेरा पूर्ण होऊन व्हॉल्व्ह परत खाली आला तिथे दुसरी रेघ. मग गुडघ्यावर बसून टेपने दोन रेघांमधलं अंतर मोजलं. दोनशे साडेसव्वीस सेंटिमीटर. पुन्हा मोजलं. तेवढंच.

तिने मीटरचं बटण दाबून धरलं आणि आतलं माप बघितलं. दोनशे सव्वासतरा, आणि वर थोडं. गेल्या हंगामातलं.

सायकलचं मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्यात चाक किती पुढे जातं ते त्याला एकदा माणसाने सांगून ठेवावं लागतं. हंगाम सुरू होण्याआधी मालकांनी रुंद टायर मागवले होते. जुने बारीक टायर वाळूत रुततात अशी तक्रार होती. तिने तीन दिवसांत सगळ्या चाकांना रुंद टायर चढवले, प्रत्येकाची हवा तीन-तीनदा तपासली. चाक मोठं झालं. मीटरला ते सांगायचं राहिलं. मीटर बिचारं जुन्याच हिशेबाने मोजत राहिलं आणि प्रत्येक शंभरात चार कमी सांगत राहिलं.

तिने वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. पहिली फेरी १८६. दुसरी फेरी १८६.

 इतके दिवस ती ज्या माणसाला चहा देताना कपाकडे बघत होती, तोंडाकडे बघत नव्हती, तो माणूस दोन्ही वेळा वरच्या रस्त्याने, उन्हातून, सरळ गेला होता. चूक तिच्या टेबलावरून निघाली होती. कारखान्यात असतं तर तिने स्वतःलाच शिक्का नाकारला असता.

मुलगी अजून सायकलवरच होती. "उतरू का? का अजून साक्ष बाकी आहे?"

"थांब," ती म्हणाली, आणि तिसरा आकडा मांडला.

एकशे अठ्ठ्याहत्तर.

तिने पुन्हा मांडला. तेवढाच आला. करडी माती खरं सांगत होती. दोनदा नाही, पण एकदा, परवाच, आणि ज्या कागदावर जावयाने काल संध्याकाळी सही करून दिली होती त्यावर 'तिसरा दिवस – वरचा रस्ता' असं लिहिलेलं होतं.

आता आधीपेक्षा अवघड झालं. दोन महिने तिने चुकीच्या माणसावर बरोबर संशय घेतला होता, की बरोबर माणसावर चुकीचा, हे तिचं तिलाच सांगता येईना. ती उठली, बाहेर गेली. जावयाची सायकल भिंतीला टेकून उभी होती, उद्यासाठी सामान लादलेली. त्याची स्वतःची सायकल, बारीक टायरची, बिनामीटरची. माझं मीटर डोक्यात आहे, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तिने सवयीने सीटखाली हात घालून मागचं चाक उचलून बघितलं.

उचललं गेलं नाही.

कपडे, झोपायची पिशवी, पान्यांचा डबा यांचं वजन तिला पाठ होतं. हे त्याच्या किती तरी वर होतं. तिने पट्टा सोडला, झोपायच्या पिशवीची गुंडाळी उलगडली. आत पाच-पाच लिटरचे दोन कॅन होते, तोंडापर्यंत भरलेले.

मागून जावई आला. हातात दोऱ्यांचं भेंडोळं होतं.

"हे काय?" तिने विचारलं.

"पाणी, आई."

"फाट्यावरच्या पेटीत आठ कॅन असतात."

त्याने दोरी घट्ट होती तरी आणखी घट्ट केली. "असायला हवेत," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. एका दमात नाही. ती एक विचारायची, तो एक सांगायचा, चिमट्याने काटा काढावा तसं. जिथे रस्ता फुटतो तिथे दगडांत पुरलेली एक लोखंडी पेटी आहे. गट निघतो त्या दिवशी पाण्याची गाडी तिथे पाच लिटरचे आठ कॅन ठेवून येते. परवा त्याने पेटी उघडली तर आत तीनच होते. बरोबर सहा माणसं. त्यातल्या एका बाईंना सकाळपासून उलट्या होत होत्या, ऊन लागलेलं. पुढे सोळा किलोमीटर पठार, एक झाड नाही. त्याने आभाळ बघितलं, फोनला रेंज आहे का बघितलं, दोन्हीकडे काही नव्हतं. साखळीखालून सायकली एकेक करून आत घेतल्या आणि पाऊण तासात सगळ्यांना हातपंपाशी काढलं. गटाला सांगितलं, याबद्दल बोलू नका. गट बोलला नाही.

"आणि पेटीत पाणी कमी होतं हे कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? पेटीचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग कुठून आलात."

"उद्या माझ्या मुलीला घेऊन जाणार होतात. तिसऱ्या दिवशी त्याच पेटीपाशी."

"म्हणून तर दहा लिटर जास्त घेतलंय."

"सात माणसांना."

 ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याची गोष्ट पटण्यासारखी होती, आणि पटण्यासारख्या गोष्टींचा तिला सगळ्यात जास्त संशय यायचा. पण लपवलेले कॅन तिने स्वतःच्या हाताने उचलून पाहिले होते. पेटीत पाणी होतं असं माहीत असणारा माणूस दहा किलो ओझं चार दिवस कशाला ओढेल. बाहेरून पुसणारा, हे तिचं मत कायम राहिलं. फक्त आत काय आहे ते तिने आज पहिल्यांदा बघितलं.

दारात मुलगी उभी होती. खुंट्यांची पिशवी हातात तशीच. किती ऐकलं होतं कोण जाणे, पुरेसं ऐकलं होतं.

"मला सांगायचं होतंस," ती नवऱ्याला म्हणाली. मग आईकडे वळली. "आणि तू दोन महिने वहीत आकडे लिहीत बसलीस. पहिल्याच फेरीला त्याला तोंडावर विचारलं असतंस, तर तो चिडला असता, भांडला असता, आणि तुझं मीटर चुकलंय हे त्याच दिवशी निघालं असतं."

ती आत गेली आणि वही उघडून बसली. 

मालक बारा वाजता आले. तिच्याहून वीस वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचे. तिने त्यांच्यासमोर वही ठेवली. तिन्ही फेऱ्यांचे जुने आकडे वाचता येतील असे एका रेघेने खोडले होते, शेजारी खरे आकडे होते, आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: रुंद टायर लावल्यावर मीटरचं माप बदललं नाही, चूक माझी. त्याच्या खालची ओळ तिने मोकळी सोडली होती. पेन जावयापुढे धरलं. त्याने ते घेतलं, एकदा बायकोकडे बघितलं, आणि लिहिलं: तिसरी फेरी, नरड्यातून, पेटीत पाणी कमी. सही केली.

मालकांनी दोन्ही ओळी वाचल्या. आरडाओरडा करणारा माणूस नव्हता तो. त्यांनी हात पुढे केला, जावयाने शर्टावरचा बिल्ला काढून दिला, तो ड्रॉवरमध्ये गेला. सोमवारी वाटाड्यांच्या समितीला कळवू, ते ठरवतील ते खरं, असं मालक म्हणाले. उद्याचा गट मुलगी नेईल; तिच्याकडे बिल्ला आहे, बिल्ल्याच्या परीक्षेसाठी फिरलेला रस्ता तिला पाठ आहे. मुलीने मान हलवली. नवऱ्याकडे बघितलं नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न. मालकांनी गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"आठ ठेवले," ड्रायव्हर म्हणाला. "लेकरांची शपथ. मोजून आठ."

शपथ कोणी मागितली नव्हती. हे तिने मनात टिपून ठेवलं.

फोन बंद झाल्यावर मालक म्हणाले, माणूस जुना आहे, खोटं बोलणार नाही.  गाडी पेटीपर्यंत पोचत नाही हे तिला माहीत होतं. शेवटचा अर्धा किलोमीटर कॅन हातात धरून चढावा लागतो. एका खेपेला दोन हातांत दोन कॅन. आठ कॅन म्हणजे चार खेपा. चढण कंटाळवाणी, बघायला कोणी नाही. दोन खेपा मारून चार कॅन ठेवले असते आणि डायरीत आठ लिहिले असते, तर तिने ड्रायव्हरला तिथल्या तिथे धरलं असतं. पण पेटीत तीन होते. तीन म्हणजे दुसऱ्या खेपेला त्याचा एक हात रिकामा होता. अर्धा किलोमीटर चढणारा माणूस एक हात रिकामा ठेवत नाही. मग चौथा कॅन कोणी नेला? की जावयाने मोजताना घोळ केला? की पेटीच्या झाकणाला कुलूपच नव्हतं आणि तिसरंच कोणी वाटेवरून जाताना हात मारत होतं?

तिने जावयाला विचारलं, पेटीला कुलूप असतं का. असतं, तो म्हणाला. ओढून बघितलं होतं का.  किल्ली लावली, उघडलं, एवढंच त्याला आठवत होतं.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" मालकांनी विचारलं.

"मला काही वाटत नाही. मला बघायचंय."

दुपारभर तिने सहाही मीटरं दोनशे साडेसव्वीसवर लावली आणि प्रत्येक सायकल खडूच्या दोन रेघांवरून एकदा चालवून बघितली. जावयाने, न सांगता, मुलीच्या सायकलची साखळी उतरवून रॉकेलमध्ये टाकली आणि ब्रश घेऊन एकेक रोलर घासत बसला. तिने येता-जाता दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा ती साखळी बोटांत धरून वाकवली. आतून स्वच्छ होती. साखळी परत खाली न ठेवता तिने ती स्वतःच चढवली.

निघताना मुलीने विचारलं, तू खरंच उद्या गाडीतून जाणार आहेस? त्या चढावर? गुडघे विसरलीस का?

"गुडघ्यांना काय, नेहमीच दुखतात."

"आणि हा?"

"हेही येतील. कॅन उचलायला. आणि मोजायला दोन माणसं बरी."

"म्हणजे तुझा अजून त्याच्यावर विश्वास नाही."

"ड्रायव्हरवर नाही," ती म्हणाली. "एक दुसऱ्यावर लक्ष ठेवेल."

मुलगी हसली नाही, पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने खांद्याला पिशवी लावली आणि चालू लागली. तिच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून, जावई.

तिने शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, तीनदा ओढलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली.

उद्या सकाळी सहाला सहा सायकली निघतील, मीटरं शून्यावर, मुलगी पुढे. सातला पाण्याची गाडी निघेल. पुढच्या सीटवर ड्रायव्हर, जावई आणि ती, मागे पाच-पाच लिटरचे आठ कॅन.